इतिहासविषयक प्रमाद आणि पक्षीय मोजपट्टी

राजकीय नेत्यांच्या इतिहासविषयक प्रमादांची चिकित्सा करताना प्रमादापेक्षा पक्ष अधिक पाहिला जातो. अमेरिकेतील उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडेन यांनी शेअर बाजार कोसळताच रूझवेल्ट दूरचित्रवाणीवरून जनतेशी बोलले, असे सांगितले. वस्तुतः १९२९ मध्ये हूव्हर अध्यक्ष होते आणि दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचलेली नव्हती. मार्च २०११ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मिशेल बाकमन यांनी १७७५ च्या लेक्झिंग्टन-काँकर्डच्या लढाया मॅसॅच्युसेट्सऐवजी न्यू हॅम्पशायरमध्ये घडवल्या. दोन्ही चुका शालेय पातळीवरील. परंतु स्वपक्षीयाची ती ‘बोलण्याच्या ओघातील चूक’ आणि विरोधकाची मात्र ‘अज्ञानाचा पुरावा’ ठरते. जून २०११ मध्ये सारा पेलिन यांच्या पॉल रिव्हिअरविषयीच्या विधानानंतर तर विकिपीडियावरील नोंदच त्या विधानाशी जुळवण्याचा प्रयत्न झाला. पक्षनिष्ठा येथे पुराव्यालाच हात घालते. म्हणून विधान करणाऱ्याचे नाव झाकून चूक किती गंभीर आहे आणि ती मान्य केली की रेटून नेली, एवढेच तपासावे. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून गुणदान करणाऱ्या प्राध्यापकवर्गाला हा निकष अपरिचित नाही. तो आपल्या पसंतीच्या नेत्यालाही लावणे, हीच खरी कसोटी होय.