रुततं पाऊल

विन्स्लो होमरच्या ‘फॉक्स हंट’मध्ये शिकारी नाहीत, कुत्रे नाहीत, घोडे नाहीत. आहे तो अमेरिकेतल्या मेन राज्याचा हिवाळी किनारा, एक तांबूस कोल्हा आणि त्याच्यावर झेपावणारे भुकेले कावळे. १८९३ सालचं हे चित्र पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद आहे. होमरने याहून मोठं चित्र रंगवलं नाही.

आधी बर्फ पाहा. निखळ पांढरा असा त्यात फारसा नाहीच. राखाडी, निळसर, मधेच जांभळट झाक. कोल्ह्याचे पाय त्यात रुतलेत, पोट जवळजवळ टेकलंय. चपळाई हाच ज्याचा आधार, त्याचे पायच चित्रकाराने झाकून टाकले. संकट सांगायला त्याला एवढं पुरलं.

मग काळा रंग. कावळ्यांच्या पिसांचा तपशील त्याने जवळपास गाळलाय. उरतात ते सपाट, रुंद, पसरलेले आकार. जपानी छापचित्रांची आठवण व्हावी अशी ही तिरकी, एका बाजूला झुकलेली मांडणी. आता कोल्ह्याचे कान बघा: तेही काळे. वरचा काळा खाली त्याच्या अंगावर आधीच येऊन बसलाय! दोन रंगांत एवढं कारस्थान क्वचितच कुणी रचलं असेल.

कोल्ह्याचा चेहरा मात्र आपल्याला नीट दिसत नाही, आणि माझ्या मते चित्राची खरी ताकद तिथे आहे. दीनवाणे डोळे रंगवून करुणा उकळणं सोपं होतं. होमर आपल्याला त्याच्या मागे, त्याच्याच उंचीवर उभं करतो. तो जे बघतो तेच आपण बघतो. डावीकडे बर्फातून डोकावणारी लालभडक फळं तेवढी या थंडीत ऊब धरून आहेत.

असं सांगतात, की पहिल्या प्रयत्नातले कावळे गावच्या स्टेशनमास्तरला पटले नाहीत. होमरने ते खरवडले, मक्याचे दाणे टाकून खरे कावळे जमवले आणि नव्याने रेखाटले. पंखांत जो भार जाणवतो, तो या चिकाटीचा.

१८९४ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीने हे चित्र विकत घेतलं. तिथे उभं राहिलात तर खालच्या डाव्या कोपऱ्याकडे वाकून बघा. होमरच्या सहीची अक्षरं बर्फात अर्धवट बुडालीत. सहीलाही त्याने सुटका दिलेली नाही.