आरएफसी १९१८ : नऊ पानांचं नेमकं गद्य

नवा राऊटर मोडेमला जोडताना त्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर एक आकडा अनेकदा भेटतो : १९२.१६८.१.१. पुष्कळदा मोडेमच्या लेबलवरही हाच आकडा असतो. जगभरच्या लाखो घरांत एकच पत्ता कसा चालतो, याचं उत्तर ज्या मजकुरात आहे तो फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आरएफसी १९१८’ ही त्याची ओळख; आरएफसी म्हणजे इंटरनेटचे प्रस्ताव आणि नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज. तांत्रिक लेखनात मला इतका आवडलेला दुसरा मजकूर नाही.

१९८१ साली ठरलेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक यंत्राला जगात एकमेव पत्ता, हे त्या व्यवस्थेचं मूळ तत्त्व. हा मजकूर त्या तत्त्वालाच हात घालतो, पण आवाज न चढवता. सगळ्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी थेट बोलायचं असतं का, एवढंच तो विचारतो. त्याने दिलेलं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं : मोठ्या विमानतळावरचे आगमन-निर्गमनाचे फलक. प्रत्येक फलकाला पत्ता हवा, पण परदेशातल्या कुणाला त्या फलकाशी थेट संपर्क कशासाठी साधायचा असेल? एका साध्या दृश्यात युक्तिवाद संपतो. मग तीन पट्टे कुणालाही, कुणालाही न विचारता वापरायला मोकळे होतात : १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चे ६५,५३६. त्यातला १० हा पूर्वी इंटरनेटच्या पूर्वजाचा, आर्पानेटचा. ते जाळं १९९० साली बंद झालं होतं. अट एकच : हे पत्ते आपल्या जाळ्याबाहेर जाता कामा नयेत.

घरात हाक मारायची नावं असतात ना, तसे हे पत्ते. ‘ताई’ घरोघरी असते आणि कुठे घोटाळा होत नाही; दोन कुटुंबं एका छपराखाली आली की मात्र एका हाकेला दोघी ओ देतात.

या मजकुराचा संयम कुठून आला, हे त्याच्या लेखकांच्या यादीत दिसतं. मार्च १९९४ मध्ये रेख्टर, मॉस्कोविट्झ, कॅरेनबर्ग आणि द ग्रूट या चौघांनी हीच कल्पना आरएफसी १५९७ मध्ये मांडली. जुलैमध्ये आरएफसी १६२७ ने तिच्यावर कडक टीका केली : पत्त्यांचं एकमेवपण गेलं की पुढे फार महागात पडेल. त्या टीकाकारांपैकी एक एलियट लिअर. आणि १९१८ वर पाचवं नाव त्यांचंच आहे! म्हणूनच या लेखनात तोटे झाकलेले नाहीत. उद्या दोन जाळी जोडावी लागली तर पत्ते एकमेकांवर आदळतील, तेव्हा आपला तुकडा या पट्ट्यांतून यदृच्छेने निवडा, असं ते आग्रहाने सांगतात.

घरच्या जोडणीत नेमकी हीच ओळ आठवावी. मोडेम स्वतःच राऊटरचं काम करत असेल, तर तो नव्या राऊटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, पोर्टला १९२.१६८.१ मधला पत्ता देतो. राऊटर आतल्या फोन-लॅपटॉपना त्याच मालिकेतले पत्ते वाटत असतो. आता १९२.१६८.१.१ म्हणजे आत की बाहेर, हे राऊटरला ठरवता येत नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट येत नाही. काही राऊटर आपणहून मालिका बदलतात. बाकीच्यांत आतला पत्ता आपण १९२.१६८.५० सारख्या मालिकेत न्यावा, किंवा मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून त्याचं राऊटरचं काम थांबवावं. जिओफायबरच्या उपकरणांत १९२.१६८.२९.१ असतो, त्यामुळे तिथे ही टक्कर सहसा होत नाही.

मजकुराची मर्यादाही इथेच आहे. त्याचा वाचक म्हणजे मोठ्या संस्थेचं जाळं सांभाळणारा माणूस. घर त्याच्या नजरेत नाही. घरात पत्ता आपण निवडत नाही, कारखान्यात तो आधीच ठरलेला असतो, आणि बहुतेक कारखाने १९२.१६८ पुढे शून्य किंवा एक हाच आकडा निवडतात. यदृच्छेचा सल्ला ज्यांनी ऐकायला हवा होता, त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही.

पुढे सेवा देणाऱ्या कंपन्यांकडेही पत्ते पुरेनात आणि एकेका पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवायची वेळ आली. त्यांनी १९१८ चेच पट्टे वापरले असते, तर ते ग्राहकांच्या राऊटरशी आदळले असते. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यांच्यासाठी वेगळा काढला. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनसमोर या पट्ट्यातला आकडा दिसला, तर ओळखावं की आपला सार्वजनिक पत्ता आणखी कुणाकुणाबरोबर वाटलेला आहे, आणि घरातला कॅमेरा बाहेरून थेट पाहण्यासाठी राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग पुरणार नाही.