चित्रात नसलेला वायू

फेब्रुवारी २०१३ मध्ये फर्मी दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गरुड तारकासमूहातील डब्ल्यू-४४ आणि मिथुनेतील आयसी-४४३ हे अतिनवताऱ्यांचे अवशेष प्रोटॉनना प्रचंड ऊर्जा देतात, याचा पुरावा त्यात होता. त्या वेळी नासाने डब्ल्यू-४४ चे एक रंगीत चित्र दिले. चित्र देखणे आहे. वर्गात लावावेसे वाटते. पण शिकवण्याचे साधन म्हणून आम्हांला ते अपुरे आणि थोडे फसवेही वाटते.

त्यात पिवळा रंग रेडिओलहरींचा, तांबडा अवरक्त किरणांचा, निळा क्ष-किरणांचा आणि किरमिजी गॅमा किरणांचा. किरमिजी जिथे गडद, तिथे प्रोटॉन जास्त, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. रात्री पडेगावहून मिटमिट्याकडे जाताना पुढच्या ट्रकच्या दिव्यांचा झोत धुरळ्यातच उठून दिसतो. स्वच्छ हवेत झोत असूनही नजरेस पडत नाही. प्रोटॉनचे तसेच आहे. तो वायूतील अणुकेंद्रावर आदळला, तरच तटस्थ पायॉन जन्मतो आणि क्षणार्धात फुटून दोन गॅमा किरण देतो. (दाखला फार ताणू नये. धुरळा प्रकाश नुसता विखुरतो. इथे गॅमा किरण नव्याने निर्माण होतात.) म्हणजे हे तेज प्रोटॉनची संख्या आणि वायूची घनता यांच्या गुणाकारावर ठरते. गुणाकार दाखवून एक अवयव झाकला, तर विद्यार्थ्याने दुसरा ओळखायचा कसा?

अवरक्त रंगात तापलेल्या वायूचे तंतू दिसतात, हे खरे. पण शेजारचा थंड, दाट रेणुमेघ चित्रात नाही. थंड हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुकाच असतो. म्हणून त्याच्या सोबतीच्या कार्बन मोनॉक्साइडची २.६ मि.मी. तरंगलांबीची रेषा मोजतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीचे हे काम नव्हे. तिचा पल्ला सुमारे १४५० मेगाहर्ट्‌झपर्यंत, आणि ही रेषा ११५ गिगाहर्ट्‌झला! खोडदहून अशा अवशेषांतले वेगवान इलेक्ट्रॉन उत्तम दिसतात, आणि चित्रातला पिवळा रंगही त्यांचाच आहे.

आणखी एक. डब्ल्यू-४४ आकाशात साधारण पूर्ण चंद्राएवढा, अर्ध्या अंशाचा. फर्मीची नजर कमी ऊर्जेला अंशाहूनही भोंगळ असते. निबंधातला निर्णायक पुरावा चित्रात नव्हताच, तो आलेखात होता: सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली गॅमा किरण झपाट्याने घटतात, जसे पायॉनपासून अपेक्षित असते. इलेक्ट्रॉनही गॅमा किरण देऊ शकतात. पण ही घट त्यांच्याकडून सहजासहजी जमत नाही.

आम्ही शिक्षकांना डब्ल्यू-२८ सुचवू. नामिबियातील हेस दुर्बिणींच्या गटाने २००८ मध्ये या अवशेषाच्या ईशान्य कडेला, शिवाय दक्षिणेला त्याच्या बाहेरही, गॅमा किरणांचे स्रोत नोंदवले आणि त्यांच्यावर कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा ठेवला. रेणुमेघ त्याच जागी निघाले. दक्षिणेकडचे मेघ अवशेषातून निसटलेल्या प्रोटॉनमुळे उजळले असावेत, असा एक अर्थ लावला जातो. मात्र तिथल्या एका मेघात तारे जन्मत आहेत, तेव्हा दुसरे कारणही संभवते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून हा वाद मुलांपुढे मांडता येतो.