बोहाडा दहा मिनिटांत मावतो का?

सुरगाण्याकडचा बोहाडा तुम्ही कदाचित स्टेजवरच पाहिला असेल. दहा मिनिटं, पाच-सहा सोंगं, टाळ्या. दिसतं छान, पण त्यात बोहाड्यातलं मुख्य कामच गळून पडतं.

गावात बोहाडा रात्र-रात्र चालतो. आधी गणपती, मग एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर नाचत येतं. अनेक गावांत सोंगाचा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो. म्हणजे बघणाऱ्यांना मुखवट्यामागचा माणूस माहीत असतो. रावण बापासारखा नाचतो की नाही, हे तेच ठरवतात. स्टेजसमोर असे परीक्षक नसतात.

वेल्समध्ये शेतकऱ्यांच्या घरी जमून गाणी-गोष्टी करायची रीत होती, 'नोसोन लावेन'. १९४०च्या दशकात बीबीसीच्या सॅम जोन्स यांनी ती बँगोरहून रेडिओवर नेली. वेल्श भाषेला हजारो श्रोते मिळाले. पण घरच्या बैठकीत ज्याची गाण्याची पाळी यायची, तो रेडिओपुढे नुसता ऐकणारा झाला.

स्टेज बंद करा असं मी म्हणत नाहीये. पण बोहाड्याची नोंद करायची तर पूर्ण रात्रीची करा, आणि कॅमेरा बघणाऱ्यांकडेही वळवा. नमुना जागेवरून तोडून आणला की निष्कर्ष चुकतो, हे प्रयोगशाळेत पहिल्या वर्षीच शिकवतात.