धबधब्याचे चित्र
संगणकप्रणाली थोडीथोडी करत, वापरणाऱ्याला दाखवत सुधारायची, ही अजाईल पद्धत. ती शिकवताना आधी ‘धबधब्या’चे चित्र दाखवतात: गरजा, आराखडा, आज्ञावली, चाचणी. श्रेय विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या शोधनिबंधाला. तो वाचून पाहा! ‘धबधबा’ हा शब्दच त्यात नाही. उलट, चाचणी शेवटी आली की चुका उशिरा कळतात, आराखडाच बदलावा लागतो; म्हणून ही रीत धोक्याची, असे रॉइस लिहितात. पाठ्यपुस्तकांनी चित्र उचलले, इशारा गाळला. अर्थात रॉइस यांना अजाईलचे आद्यपुरुष ठरवणेही बरे नव्हे. नव्या कामाचा आधी नमुना करा, असे ते सांगतात खरे. पण कागदपत्रांचा त्यांचा आग्रह जबरदस्त. २००१ च्या अजाईल जाहीरनाम्याने कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या प्रणालीला मोल दिले.