९८ सीसीचा षड्ज

यामाहा आरएक्स १०० नीट जुळवलेली असेल तर अर्ध्या किकमध्ये सुरू होते. सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद कान देऊन ऐकले की तिच्याबद्दलचं निम्मं कळतं. धुळ्याला देवपुरात एक मिस्तरी आहेत. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की ते सायलेन्सरशेजारी उकिडवे बसतात आणि म्हणतात, "हाई गाडी बोलस भाऊ, तू चूप ऱ्हाय." लेखकाचं म्हणणं बाजूला ठेवून संहिता वाचा, हे सांगायला साहित्यशास्त्राला बरीच पानं लागली आहेत.

ज्या गाडीविषयी लिहितोय ती जळगावच्या एका मित्राची. रावेर तालुक्यात केळीच्या बागेतल्या खोपीत ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. टाकी आतून गंजलेली, क्रोमच्या मडगार्डवर फोड, इंजिन जाम. पाटीवर एमएच १९ नाही. १९८९ मध्ये ती पद्धत सुरू होण्याआधीची, तीन अक्षरांची मालिका आहे. म्हणजे गाडी पहिल्या तीन-चार वर्षांतली. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या सहकार्यानं आरएक्स १०० बाजारात आणली ती १९८५ च्या अखेरीस, आणि १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा तिचं उत्पादन थांबलं.

कागदावर ही गाडी किरकोळच दिसते. ९८ सीसी, एक सिलिंडर, ११ हॉर्सपॉवर, चार गिअर, वजन १०३ किलो, पुढे-मागे ड्रम ब्रेक. त्याच सुमारास आलेली हिरो होंडा सीडी १०० साधारण तेवढ्याच सीसीची, पण फोर-स्ट्रोक; तिचा जोर बराच कमी आणि अ‍ॅव्हरेज कितीतरी जास्त. वडिलांनी सीडी १०० चं नाव काढायचं आणि मुलानं आरएक्ससाठी अडून बसायचं, असे ते दिवस. त्याआधी १९८३ पासून एस्कॉर्ट्सचीच राजदूत ३५० होती: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, तीस हॉर्सपॉवर. 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफनं ती चालवली म्हणून घरोघरी माहीत झाली, पण तिला पेट्रोल पाजणं कापूस-केळीच्या घरांना झेपणारं नव्हतं. आरएक्समध्ये घराणं तेच, खर्च आवाक्यातला.

या गाडीचं सौंदर्य मला तिच्या मापात दिसतं. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. आत व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंगची साखळी नाही. पिस्टन वर-खाली जाताना सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट स्वतःच उघडतो आणि स्वतःच झाकतो. आत येणाऱ्या मिश्रणाच्या वाटेवर तेवढ्या रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या. मिस्तरी तो रीडचा संच काढून उजेडासमोर धरतात आणि कडेनं उजेडाची रेघ दिसली की पट्टी बाद करतात. गेज नाही, मीटर नाही. इतक्या थोड्या सामानातून गाडी एवढी कशी उसळते, हा प्रश्न खरं तर रसिकाचा आहे, आणि त्याचं उत्तर इंजिनापेक्षा सायलेन्सरमध्ये जास्त सापडतं.

टू-स्ट्रोकची अडचण अशी की जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येत असतं, आणि त्यातलं काही न जळताच धुरामागोमाग निसटतं. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावी एमझेडच्या कारखान्यात वॉल्टर काडन नावाचा अभियंता होता. पन्नाशीच्या दशकात त्यानं एक्झॉस्टचा नळा आधी रुंद आणि मग निमुळता करून त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पोर्ट उघडताच सुटलेली दाबाची लाट निमुळत्या भागावर आपटून मागे फिरते आणि निसटू पाहणारं मिश्रण ऐनवेळी सिलिंडरमध्ये ढकलते. नळाच पंपाचं काम करू लागतो. फक्त इंजिनाचा वेग आणि नळ्याची लांबी यांचा मेळ बसायला हवा. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनानं २५ हॉर्सपॉवर गाठली, म्हणजे लिटरला दोनशे. त्याच वर्षी स्वीडनच्या शर्यतीतून त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद सुझुकीनं मिळवलं, डेग्नरच्याच हातून. पुढे जपानी टू-स्ट्रोकांनी जे केलं त्याचा पाया असा चोरीचा आहे, आणि काडनला त्याचे पैसे मिळाले नाहीत.

यामाहाचं त्या गावाशी नातं त्याहून जुनं. तिची पहिली मोटरसायकल वायए-१, १९५५ सालची, डीकेडब्ल्यू आरटी १२५ या जर्मन गाडीवरून बेतलेली होती. ती डीकेडब्ल्यू मूळची त्शोपाऊचीच. रावेरच्या खोपीतल्या गाडीचं आजोळ आणि वडिलांचं घर दोन्ही सॅक्सनीतल्या त्या एका गावात निघावं, याची मला अजून गंमत वाटते.

आता आवाज. यामाहा हे नाव मुळात बाजाच्या पेट्या आणि पियानो बनवणाऱ्या कारखान्याचं. १८८७ मध्ये तोराकुसू यामाहानं पहिला ऑर्गन बांधला. कंपनीच्या चिन्हात एकमेकांवर ठेवलेले तीन नादकाटे आहेत ते त्यामुळेच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक फायरिंग होतं. आरएक्सचा पूर्ण जोर मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर येतो, म्हणजे सेकंदाला १२५ ठोके. हार्मोनियमवर खर्जाच्या बाजूला पांढरी एकचा षड्ज साधारण १३१ कंपनांचा. त्याच्या जरा खाली ही गाडी उभी राहते. फोर-स्ट्रोकला त्याच वेगावर निम्मे ठोके पडतात म्हणून ती एक सप्तक खाली घुमते. आरएक्स दुसऱ्या गिअरमध्ये खेचताना ऐकली की आवाज वर चढत जातो आणि एका जागी एकदम भरतो. ती परतीच्या लाटेची जागा. तिथे गाडी पुढे झेपावते आणि मागे बसलेला माणूस आपोआप स्वाराचा खांदा धरतो.

सायलेन्सरच्या शेपटातली पुंगळी काढून गावभर ठणठणाट करत फिरणारी पोरं हे ऐकूच शकत नाहीत. पुंगळी काढल्यानं आवाज मोठा होतो, पण तो भरण्याचा क्षण त्यात बुडतो. माझं मत कडक आहे: मूळ सायलेन्सर शिल्लक असेल तर त्याला हात लावू नये. आतली काजळी कॉस्टिक सोड्यानं धुवावी आणि जसाच्या तसा लावावा.

खानदेशात या गाडीचं कसोटीचं पान म्हणजे हवामान. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो; हवा पातळ होते, कार्बुरेटरच्या तेवढ्याच जेटमधून पेट्रोल जास्त पडतं, गाडी घुरघुरते आणि प्लग काळा पडतो. मग कोणीतरी बारीक जेट टाकतो आणि गाडी उन्हाळाभर छान पळते. जानेवारीत पहाटे धुळ्याचा पारा आठच्याही खाली उतरतो, हवा दाट होते, आणि तोच बारीक जेट आता अपुरा पडतो. पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त. उन्हाळ्याचा जेट घेऊन हिवाळ्याच्या पहाटे पारोळा-एरंडोलच्या सरळ रस्त्यावर मूठ पूर्ण पिळली तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक एकदम आवळतं. लोकांना वाटतं टू-स्ट्रोक उन्हानं जाम होते. थंडीचा धोका त्यांच्या लक्षात येत नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. जुन्या रबरी नळ्यांचं त्यानं काय होतं ते निराळंच.

म्हणून मिस्तरींचं वाचन प्लगवर चालतं. रस्त्यावर जोरात पळवत असताना क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी घरंगळत कडेला घ्यायची आणि प्लग काढायचा. पोर्सेलीन दुधाळ चहाच्या रंगाचं हवं. पांढरं दिसलं तर जेट एक नंबर मोठा.

रावेरच्या गाडीचं इंजिन उघडल्यावर सिलिंडरला उभ्या चिरा निघाल्या. ब्लॉक बोअर करून पाव मिलिमीटर जादा मापाचा पिस्टन बसवला. या कामातला एक तपशील मला फार आवडला. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात, आणि पिस्टनची रिंग तिथून जाताना किंचित बाहेर फुगते. कडेत अडकली तर तुटते. मिस्तरी एका बारीक पॉलिश दगडानं प्रत्येक पोर्टची कड आतून मारत बसले होते. हात आत जाईल एवढी जागा नाही, दोन बोटांवर सगळं काम. बाहेरून कोणालाही न दिसणारं हे काम न करता ब्लॉक बसवणारे गॅरेजवालेही आहेत. त्यांच्या गाड्या पहिले दोन महिने अगदी तशाच पळतात.

क्रँकची ऑइल सीलंही बदलली. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद असावा लागतो, कारण मिश्रण आधी तिथेच दाबलं जातं. डावं सील गळलं तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होतं, उजवं गळलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर येतो. इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा ऑटोल्यूबचा पंप मित्रानं हौसेनं चालू ठेवला आहे. बहुतेक जण तो बंद करून पेट्रोलमध्येच लिटरला अंदाजानं ऑइल ओततात. दोन्हीत एक गोष्ट सारखी: मूठ बंद असताना इंजिनाला तेल फार कमी मिळतं. चाळीसगावहून वर कन्नडचा घाट चढायला सोपा, उतरायला नाही. इंजिनाच्या ब्रेकवर खाली येताना अधूनमधून थोडी रेस द्यावी लागते, केवळ पिस्टनच्या घशाला तेल लागावं म्हणून. नवीन गाडीवरच्या माणसाला हा चाळा वाटतो.

रंगाबद्दल थोडक्यात. टाकी मूळ लाल रंगात रंगवली, पुढचं मडगार्ड पुन्हा क्रोम केलं. मागच्या मडगार्डवरचे फोड मित्रानं तसेच ठेवले. मला ते पटतं. सगळं चकाकायला लागलं की गाडी शोरूममधून चोरल्यासारखी दिसते.

मग बदल करायचेच नाहीत का? पुढचा ब्रेक बदलावा असं मी म्हणेन. १९८५ चा तो लहानसा ड्रम तेव्हाच्या रिकाम्या रस्त्यांसाठी होता. आता धुळे-जळगाव महामार्ग चौपदरी आहे आणि बाजूनं ट्रेलर जातात. पुढे डिस्क बसवणारे कारागीर दोन्ही शहरांत आहेत, आणि नीट काम झालं तर गाडीच्या स्वभावाला धक्का लागत नाही. पोर्ट उंच करण्याला मात्र माझा विरोध आहे. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड मिलिमीटरभर वर नेली की जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो आणि खालचा पिकअप जातो. चार गिअरच्या गाडीत ती पोकळी भरून काढायला गिअरच उरत नाही.

कायदा याहून कठोर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्यातून निघालेल्या रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. पंधरा वर्षं उलटली की नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी, वर पर्यावरण कर, आणि तपासणीला गाडी दाखवताना मूळ सामान अंगावर. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या रोलरखाली पुंगळी काढलेले मूळ सायलेन्सरही जातात, याचं वाईट वाटतं.

सध्या वाद चालू आहे तो ब्लॉकचा. आरएक्स १३५ ची पिस्टनची धाव हीच, ५० मिलिमीटर. व्यास मात्र ५८. तिचा ब्लॉक आणि पाच गिअर या गाडीत घालावेत असं मित्राच्या मनात आहे, सामानही त्यानं कुठूनतरी मिळवून ठेवलं आहे. मिस्तरींचं म्हणणं, मग ही आरएक्स १०० कुठे राहिली, आणि आरसी बुकात ९८ सीसी लिहिलंय त्याचं काय करणार? मित्र म्हणतो, भुसावळच्या रस्त्याला पाचवा गिअर पाहिजेच. १३५ चा ब्लॉक गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या कपाटावर पडला आहे, आणि मिस्तरींनी त्यावर प्लगचे खोके रचून ठेवले आहेत.