दोन कार्ब्युरेटर, दोन तानपुरे

किल्ली फिरवली म्हणून ही गाडी लगेच सुरू होत नाही. आधी बॉनेटखालून टक्-टक्-टक् असा लगबगीचा आवाज येतो, मग तो मंदावतो आणि थांबतो. हा पेट्रोलचा पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की तो आपणहून गप्प होतो. त्यानंतरच स्टार्टर ओढायचा. घाई केलीत तर इंजिन रुसतं.

धारवाडात माझ्या एका स्नेह्यांकडे १९४८ सालची एम. जी. टी. सी. आहे. तिच्यात बसायचा योग मला चार-पाचदा आला. ढकलायचा त्याहून थोडा जास्त. त्या अधिकारानं हे लिहितो आहे.

इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या झाल्या. तिथं सरकता पट्टा नव्हता. जुळत आलेली गाडी कामगार हातानं ढकलत एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेत. (ढकलण्याची परंपरा अशी जन्मापासूनची आहे!) चासी पोलादी, पण वरचं अंग ॲश नावाच्या लाकडाच्या चौकटीवर पत्रा बसवून केलेलं. म्हणजे आधी सुतार, मग पत्रेवाला. इंजिन १२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्ती. आजची कुठलीही साधी हॅचबॅक हिला चढावर सहज मागे टाकेल. मग एवढा रस कशात भरला आहे?

मला तो पहिल्यांदा सापडला डॅशबोर्डवर. चालकासमोर मोठी तबकडी आहे ती इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी. वेग दाखवणारी तबकडी शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात! चालकानं लय सांभाळायची, वेगाची धास्ती शेजारच्यानं घ्यायची, अशी ही वाटणी. पेट्रोल किती उरलं हे सांगणारा काटाच नाही. टाकी तळाला जाऊ लागली की एक हिरवा दिवा लागतो, बस्स. करणाऱ्यांनी काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही, हे ठरवलेलं आहे. चांगल्या कवितेत गाळलेल्या ओळींचा जसा संशय येतो, तसा इथं येतो.

दाराची वरची कड खोल कापलेली, त्यामुळे कोपर आपसूक बाहेर जातं. पुढची काच चौकटीसकट आडवी पाडता येते. हळियाळ रस्त्याला एका सकाळी आम्ही ती पाडली. वारा थेट तोंडावर, डोळ्यांत पाणी, दातांत एखादं चिलट. एवढा वेग कधी अनुभवला नव्हता असं वाटून मी समोरच्या तबकडीकडे पाहिलं, तर काटा ताशी ४० मैलांवर. म्हणजे जेमतेम ६५ किलोमीटर. जमीन इतकी जवळ आणि चाकं १९ इंचांची, सायकलीसारखी बारीक तारांची. दोन्ही आसांवर पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट पाठीच्या कण्यापर्यंत येतो. स्टिअरिंगला थोडा खेळ असतो, म्हणून सरळ रस्त्यावरही हात सतत हलते ठेवावे लागतात. सुख म्हणावं तर सुख नाही, पण कंटाळा यायला फटही नाही.

आता त्या भरवशाबद्दल, ज्याविषयी पहिला प्रश्न हमखास विचारला जातो.

परतताना गाडी थांबली. पंपाची टक्-टक् बंद. स्नेह्यांनी बॉनेट उघडलं आणि पान्याच्या दांड्यानं पंपाला हलकी टिचकी मारली. पंप पुन्हा बोलू लागला. आतले विजेचे संपर्कबिंदू चिकटतात. दोष कारखान्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही, पाऊणशे वर्षांत माणसाचेही सांधे धरतात. पण तेवढ्यात तिघं स्कूटरवाले थांबले, आणि आम्ही नको म्हणत असताना चौथ्यानं धक्का दिला.

खरी मौज हुबळीच्या मेस्त्रींकडे पाहायला मिळाली. या इंजिनाला एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते. मेस्त्रींनी रबराच्या नळीचं एक टोक पहिल्याच्या तोंडाशी धरलं, दुसरं कानाला लावलं. सूंऽऽ. मग दुसऱ्याशी धरलं. सूंऽऽ, पण जरा चढा. पेचकसानं स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा नळी पहिल्याशी. मी काही विचारायला गेलो तर बोट वर करून म्हणाले, “स्वल्प तडीरी.” जरा थांबा! मैफिलीआधी दोन तानपुरे जुळवताना कलाकार शेजाऱ्याला गप्प करतो, अगदी तसंच.

इंजिनाच्या नटबोल्टांची तऱ्हा तर आणखी न्यारी. डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची, आणि आटे मात्र मेट्रिक, फ्रेंच! हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिस कंपनीनं १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. यंत्रं त्या आट्यांची होती, तीच वापरात राहिली. पान्यासाठी तेवढं डोकं इंग्रजी ठेवलं. हुबळीत सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासूनचा रेल्वे कारखाना असल्यामुळे व्हिटवर्थचे पाने इथं जुन्या पेटीत सापडतात. आटे हवे तसे लेथवर पाडून मिळतात. अशी गाडी पाळायला हे गाव वाईट नाही.

धारवाडात मोटार आणि गाणं एका वाक्यात आलं की भीमसेन जोशींचं नाव निघणारच. जन्म १९२२ चा, रोणचा. तालीम हुबळीजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे. मोटारींचं वेड मोठं, यंत्राची जाण पक्की, मैफिलींना स्वतः गाडी हाकत जायचे. लोक त्यांच्या तानेचा आणि गाडीच्या वेगाचा सांधा जोडतात. मला तो फार सोपा वाटतो. सांधा असलाच तर तो तानपुरे जुळेपर्यंत थांबण्याशी असावा.

मिरजेचा तानपुराही हातानंच घडतो, भोपळ्याचा आणि लाकडाचा. हवा पालटली की उतरतो, जवारी बिघडली की कारागिराकडे न्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बटण दाबलं की सुरात असतो. तरी मिरजेच्या तानपुऱ्याला बेभरवशाचा म्हणालेला एकही गवई मला अजून भेटलेला नाही. टी. सी.ला मात्र सगळे म्हणतात. रोज कचेरीला जायला घेतलीत तर तुम्हीही म्हणाल, आणि ते खरंच असेल.

तेव्हा हळियाळ रस्त्याला कधी एक लाल, ठेंगणी गाडी कडेला उभी दिसली, बॉनेट उघडं असलं आणि कोणी नळी कानाला लावून वाकलेलं असलं, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. आणि धक्का तर मुळीच देऊ नका.